सायकीचा निरोप आणि मुरळीचे लग्न

चित्रकला हा विषय आपल्या नियतकालिकांतून क्वचितच चर्चिला जातो. कविता, कथा, आत्मकथने यांवर आपण भरभरून लिहिले, वादही घातले. चित्रांविषयी मात्र आपली सर्वसाधारण समजूत अशी की, तो राजेरजवाड्यांचा आणि दिवाणखान्यांचा विषय आहे; आपल्या माणसाचा त्याच्याशी संबंध काय? मीही आयुष्यभर असेच समजत आलो. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या लिंबागणेशसारख्या गावात माझी सारी हयात मास्तरकीत गेली. वर्गात फार तर एक नकाशा आणि भिंतीवर बाबासाहेबांचा व जोतीरावांचा फोटो, एवढीच चित्रे माझ्या वाट्याला आली.

मागच्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ती चित्रकला शिकते. तिने मोबाइलवर एक चित्र दाखवले आणि विचारले, "सर, हे सव्वादोनशे वर्षांपूर्वीचे फ्रेंच चित्र आहे. एका बाईने काढलेले. मला यावर वर्गात बोलायचे आहे. आपल्याकडच्या माणसाला हे कसे समजावून सांगू?" मी चित्र पाहिले, तिच्याकडून त्यातली गोष्ट ऐकली, आणि मला माझ्या बापाची थोरली बहीण आठवली. परक्या देशातले, परक्या देवांचे चित्र पाहून बीड जिल्ह्यातल्या महारवाड्यातली एक मुरळी का आठवावी, हे स्वतःला समजावून घेण्यासाठी मी त्या चित्राचा थोडा अभ्यास केला. तो इथे मांडतो आहे.

चित्राचे नाव 'सायकी कुटुंबाचा निरोप घेते'. ते १७९१ साली पॅरिसच्या 'सलाँ' नावाच्या मोठ्या प्रदर्शनात लोकांसमोर आले. सध्या ते अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या कलासंग्रहालयाकडे आहे. काढणारी मारी-गियमिन बेन्वा. जन्म १७६८, मृत्यू १८२६. चित्र लावले तेव्हा ती अवघ्या बावीस वर्षांची होती आणि तिचे लग्न व्हायचे होते.

आधी गोष्ट सांगतो, कारण गोष्टीवाचून चित्र कळणार नाही. ही गोष्ट इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अपुलियस नावाच्या लेखकाने लॅटिन भाषेत लिहिली. तो उत्तर आफ्रिकेतला, आजच्या अल्जीरियाच्या भागातला. एका राजाला तीन मुली होत्या. धाकटी सायकी इतकी देखणी की, लोक व्हीनस देवीचे देऊळ सोडून तिच्याच पाया पडू लागले. थोरल्या दोघींची लग्ने झाली. सायकीला मात्र कुणी मागणी घालीना. एखादी मूर्ती पाहावी तसे लोक तिला पाहात आणि हात जोडून निघून जात. देवीला आपण नमस्कार करतो. तिला सून म्हणून घरात कोण आणील? इकडे खरी देवी चिडली. बापाने देवळात जाऊन कौल लावला. कौल असा मिळाला की, मुलीला नवरीसारखी सजवा, पण मयतीला नेतात तशी मिरवत डोंगराच्या कड्यावर नेऊन सोडा. तिचा नवरा माणूस नाही, एक भयंकर सर्परूपी प्राणी आहे.

आईबाप रडले. सारे नगर रडले. पण कौल मोडावा असे कुणाला वाटले नाही. आणि या जागी अपुलियसने सायकीच्या तोंडी जे बोलणे घातले आहे, ते मला या सगळ्या गोष्टीतले सर्वांत महत्त्वाचे वाटते. ती आईबापांना सांगते की, तुम्ही आज कशाला रडता? लोक मला देवी म्हणून पुजू लागले, त्याच दिवशी तुम्ही रडायला हवे होते. मी मेले असे समजून शोक करायचा तो दिवस होता.

वाचकांनी हे बोलणे लक्षात ठेवावे. पुढे या गोष्टीचा शेवट गोड होतो. तो सर्प म्हणजे प्रत्यक्ष क्यूपिड, प्रेमाचा देव असतो. सायकी पुष्कळ हाल सोसते आणि अखेर देवांच्या पंक्तीला बसते. पुराणकथांची ही रीतच आहे. आमच्या लिंबागणेशचे माहात्म्यही असेच सांगतात. गणपतीला हसल्याबद्दल चंद्राला शाप मिळाला, त्याने इथे तपश्चर्या केली आणि देवाने त्याला आपल्या कपाळावर जागा दिली. म्हणून हा गणपती भालचंद्र. कथेत ज्याला ठोकरले त्याला शेवटी कपाळावर घेतात. समाजात ज्याला ठोकरले त्याला कुणी कपाळावर घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

आता चित्राकडे येऊ. ते ज्या शैलीत आहे तिला नवअभिजातवाद म्हणतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या चित्रकारांनी दरबारी नटवेपणा टाकून प्राचीन ग्रीक-रोमन शिल्पांकडे पाहायला सुरुवात केली. रेषा स्वच्छ, आकृती पुतळ्यासारख्या भरीव, रचना नाटकातल्या प्रवेशासारखी, विषय पुराणातले किंवा इतिहासातले. फ्रान्समध्ये या शैलीचा सर्वांत मोठा चित्रकार जाक-लुई दाविद. त्याचे 'होरेशियांची शपथ' हे चित्र १७८४ चे. त्यात तीन भाऊ बापासमोर हात पुढे करून लढाईची शपथ घेतात, आणि घरातल्या बायका एका बाजूला खचून बसलेल्या आहेत. पुरुषांचे कर्तव्य मध्यभागी आणि बायकांचे रडणे कडेला, अशी ती मांडणी.

बेन्वा याच दाविदची विद्यार्थिनी. त्याआधी ती एलिझाबेथ व्हिजे लब्रन या चित्रकर्तीकडे शिकली होती. त्या काळी बाईने चित्रकार होणे म्हणजे काय होते, हेही समजून घेतले पाहिजे. फ्रान्सच्या राजकीय कला अकादमीत एका वेळी चारपेक्षा जास्त बायकांना सभासद होता येत नसे. नग्न पुरुषदेह समोर ठेवून शरीररचनेचा अभ्यास करण्याची त्यांना मुभा नव्हती. आणि पुराण-इतिहासाची मोठी चित्रे, जी सर्वांत वरच्या दर्जाची मानली जात, ती या अभ्यासाशिवाय काढता येत नाहीत. म्हणजे आधी शिकण्याचे दार बंद करायचे, मग म्हणायचे की यांच्यात कुवतच नाही. बाईने फुले, फळे, फार तर ओळखीच्यांची व्यक्तिचित्रे काढावीत. ही युक्ती आपल्याला कुणी शिकवायला नको. ज्ञान बंद ठेवून अज्ञानाचा ठपका ठेवण्याचे तंत्र आपण हजारो वर्षे भोगले आहे.

१७८९ साली फ्रान्समध्ये क्रांती झाली आणि १७९१ चे सलाँ सर्व चित्रकारांना प्रथमच खुले झाले. अकादमीचे सभासदत्व नसले तरी चालेल असे ठरले. या उघडलेल्या दारातून ही बावीस वर्षांची मुलगी आत आली, ती फुलांचे चित्र घेऊन नव्हे, पुराणातला विषय घेऊन. तिचे त्याच सुमाराचे दुसरे एक चित्र 'सद्गुण आणि दुर्गुण यांच्यामध्ये निरागसता' हे आहे. परंपरेने अशा चित्रांत दुर्गुण म्हणजे मोहात पाडणारी बाई असायची. हिने दुर्गुण पुरुषाच्या रूपात दाखवला. यावरून तिचा विचार कोणत्या दिशेने चालला होता ते दिसते.

सायकीच्या गोष्टीत चित्र काढण्याजोगे कितीतरी प्रसंग आहेत. त्याच दाविदचा दुसरा शिष्य जेरार याने १७९८ साली क्यूपिड सायकीचे पहिले चुंबन घेतो तो प्रसंग काढला. खुद्द दाविदने पुढे १८१७ साली झोपलेल्या सायकीच्या बिछान्यावरून उठणारा, हसरा क्यूपिड काढला. दोघांच्याही चित्रांत देव आहे, सौख्य आहे, बाईचा देह आहे. बेन्वाने निवडला तो क्षण निरोपाचा. देव अजून आलेला नाही. पुढे महाल आहे, अमृत आहे, हे मुलीला ठाऊक नाही आणि आईबापांनाही ठाऊक नाही. आहे ती फक्त एक मुलगी, तिला बिलगलेली आई आणि भोवती आक्रोश करणारे घर. दाविदने जे रडणे चित्राच्या कडेला ठेवले होते, ते त्याच्या विद्यार्थिनीने मध्यभागी आणले. देवाशी लग्न म्हणजे काय, तर घरातून एक मुलगी कमी होणे, एवढेच तिने दाखवले.

आणि इथे मला माझी आत्या आठवली.

माझ्या आजीची दोन मुले लहानपणीच गेली. तिसरा माझा बाप. तोही वर्षाच्या आत तापाने फणफणला. हे १९३० च्या आसपासचे. औषधपाणी महारवाड्यात कुठले? आजोबांनी देवाला कौल लावला. कौल मिळाला की, खंडोबाला पोरगी हवी, मग पोरगा जगेल. आत्या तेव्हा सात-आठ वर्षांची होती. तिला हळद लावली, पाटावर बसवली, समोर देवाचा टाक ठेवला, भंडारा उधळला आणि गळ्यात कवड्यांची माळ बांधली. आजी तीन दिवस जेवली नाही, असे आत्याच मला सांगायची. आजी रडली हे खोटे नाही. आजोबाही रडले असतील. पण सायकीच्या बापाप्रमाणे त्यांनीही कौल मोडला नाही.

बाप जगला. तो शाळेत गेला, बाबासाहेबांच्या चळवळीत आला, त्याने मला शिकवले आणि मी मास्तर झालो. आत्या रात्र-रात्र जागरणात नाचली, गायली. त्या पैशांतून बापाच्या पाटी-पुस्तकांचा खर्च निघाला. गावात तिला एक प्रकारचा मान होता. मुरळीचा नवरा देव, देव मरत नाही, म्हणून ती कधी विधवा होत नाही. म्हणून लग्नकार्यात तिचे येणे शुभ. सकाळी तिच्या हातून कुंकू लावून घेणाऱ्या घरांतले कर्ते पुरुष रात्री तिच्याशी कसे वागत, ते मी इथे लिहीत नाही. वाचकांना ते माहीत आहे. तिला मागणी घालणारा मात्र कुणी भेटला नाही. देवीला सून म्हणून घरात कोण आणील?

सायकीचे ते बोलणे मी वाचले तेव्हा मला आत्याचा आवाज ऐकू आला. ज्या दिवशी लोक पाया पडू लागले, त्या दिवशी रडायला हवे होते. आपल्या समाजव्यवस्थेची क्रूरता आपण बहुधा विटाळात, शिवीगाळीत, मारहाणीत पाहतो. पण तिचा एक हात नमस्काराचाही आहे. ज्याला माणूस म्हणून जगू द्यायचे नाही, त्याला ती कधी पशूच्या खाली ढकलते, कधी देवाच्या दारात बसवते. परिणाम एकच. दोन्हीकडे माणसाचे साधे हक्क, म्हणजे आपले घर, आपला जोडीदार, आपल्या लेकरांना बापाचे नाव, हे त्याला मिळत नाहीत. तोंडाने शिवी दिली तर माणूस उलटून उठू शकतो. पाया पडून लुटले तर त्याला आपण लुटले गेलो हे कळायलाच जन्म जातो.

हे कळलेली आपल्यातली पहिली माणसे कोण, हेही तरुण कार्यकर्त्यांनी विसरू नये. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली पुण्यातून 'सोमवंशीय मित्र' सुरू केले आणि मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध मोहीम उघडली. त्या पत्रात शिवूबाई लक्ष्मण जाधव निंबाळकर या मुरळीने स्वतःच्या जिण्याची व्यथा पत्र लिहून मांडली. पुढे त्या चळवळीतल्या एका कार्यकर्त्याने तिच्याशी लग्न केले. फ्रेंच चित्रात सायकीच्या वतीने एक चित्रकर्ती बोलते. आपल्याकडे मुरळी स्वतःच बोलली, तीही कागदावर, तीही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात त्या पत्राला जी जागा मिळायला हवी, ती आपण दिली आहे काय?

१९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात असल्यामुळे तो कायदा आमच्या शिवेपर्यंत पोहोचलाच नाही. जून १९३६ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईत वाघ्या, मुरळी, जोगतिणी, देवदासी यांची सभा घेतली आणि हे लाजिरवाणे जिणे सोडून द्या, असे त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांनी त्यांना देवी म्हटले नाही, पतितही ठरवून दूर केले नाही. जगण्याची रीत बदलू शकणारी माणसे म्हणून ते त्यांच्याशी बोलले. महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलनाचा अधिनियम त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी, २००५ चा म्हणून आला.

आता चित्रकर्तीविषयी आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत; नाहीतर आपण तिलाच देवी करून बसू.

पहिली गोष्ट तिच्या बाजूची. १७९३ साली तिचे लग्न झाले. नवरा राजेशाहीच्या पक्षाचा. १८१४ साली राजेशाही परत आली, नवऱ्याला राज्य परिषदेत मोठे पद मिळाले, आणि अशा अधिकाऱ्याच्या बायकोने प्रदर्शनात चित्रे लावणे शोभत नाही म्हणून तिला ते सोडून द्यावे लागले. इतकी वर्षे कष्ट करून मिळवलेले यश आता लाजेची बाब ठरावी, याबद्दल तिने नवऱ्याला पत्र लिहिले आणि हा विषय आता काढू नका, जखम पुन्हा उघडेल, अशा आशयाने ते संपवले. सायकीचा निरोप काढणारीला अखेर स्वतःच्या कुंचल्याचा निरोप घ्यावा लागला. इथे कौल देवाचा नव्हता, प्रतिष्ठेचा होता.

दुसरी गोष्ट तिच्या विरुद्ध बाजूची. तिचे सर्वांत गाजलेले चित्र १८०० सालचे आहे आणि ते लूव्र संग्रहालयात आहे. त्यात एक काळी तरुणी खुर्चीवर बसून सरळ आपल्याकडे पाहते. डोक्याला पांढरा रुमाल, अंगावर पांढरे वस्त्र, एक स्तन उघडा, मागे निळी शाल. ही ग्वादलूप बेटावरची, गुलामीतून आलेली बाई. चित्रकर्तीच्या दिराने तिला फ्रान्समध्ये आणले होते. फ्रान्सने वसाहतींतली गुलामगिरी १७९४ साली रद्द केली होती. १८०२ साली नेपोलियनने ती पुन्हा सुरू केली आणि ती कायमची गेली १८४८ साली. या दोन तारखांच्या मधले हे चित्र. ते पाहून कुणी म्हणाले ही स्वातंत्र्याची मूर्ती, कुणी म्हणाले हा गुलामगिरीचा निषेध. असेलही. पण प्रदर्शनात चित्राखाली लिहिले होते फक्त 'एका काळ्या बाईचे चित्र', तेही हिणवण्याच्या शब्दात. तिचे नाव मादलेन होते, हे संग्रहालयाच्या पाटीवर यायला २०१९ साल उजाडावे लागले. राजकुमारीचे अश्रू पाहू शकणाऱ्या चित्रकर्तीने समोर बसलेल्या बाईचे नाव चित्रावर लिहिले नाही. तिला प्रतीक केले. वरच्या थरातली स्त्री स्वतः बंधनात असते हे खरे. म्हणून खालच्या थरातल्या स्त्रीचे दुःख तिला आपोआप कळते असे मात्र नाही.

सायकीला देवी केले, मादलेनला प्रतीक केले, माझ्या आत्याला देवाची बायको केले. आणि मी? तिच्या गळ्यात बांधलेल्या माळेचे फळ मी आहे. तो नवस बोलला गेला नसता तर माझा बाप मेलाच असता, असे मी मानत नाही; ताप नवसाने उतरत नाही. पण घरातल्या मुलाच्या जिवापुढे मुलीचा जन्म स्वस्त, हा हिशेब आमच्याच घरात झाला आणि त्याचा लाभ मला मिळाला. तेव्हा सगळा दोष गावावर, भटावर, सरंजामावर टाकून मला मोकळे होता येत नाही. चित्रातल्या रडणाऱ्या घरातलाच मी एक आहे. रडणारे निर्दोष असतात असे नाही, हे या चित्राने मला शिकवले.

१९५६ च्या धर्मांतरानंतर बापाने घरातले देव विहिरीत टाकले आणि आत्याला म्हणाला, "आता ती माळ काढ." आत्या त्याच्याकडे पाहात राहिली. मग म्हणाली, "देव न्हाईच म्हन्तूस बाबा, मंग माझं लगीन कुणासंगं लागलं व्हतं?" बापाकडे उत्तर नव्हते. चार-सहा महिन्यांनी तिने आपणच माळ काढली. पुढे मी जन्मलो, मोठा झालो, आणि आम्ही मुले त्याच कवड्यांनी पटावर खेळायचो. ती जवळ बसून दान मोजायची.

शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे. असली चित्रे 'परकी' म्हणून टाकून देऊ नका. वर्गात दाखवा आणि मुलांना तीनच प्रश्न विचारा : या घरात रडते कोण, ठरवते कोण, आणि जिला द्यायचे तिला विचारले कुणी?

माझी विद्यार्थिनी आता आत्याचे चित्र काढते आहे. तिचा एकही फोटो नाही, म्हणून मी सांगतो आणि ती रेषा ओढते. भंडारा नको, दिवटी नको, माळ नको, असे आम्ही ठरवले. पटाजवळ बसलेली एक म्हातारी, हातात कवड्या, एवढेच. चित्राखाली काय लिहू, असे तिने विचारले. 'खंडोबाची मुरळी' असे लिहू नकोस, मी म्हणालो, आणि तिला आत्याचे नाव सांगितले.